त्राटिका दारात मावेना

इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. कुणी एक शब्द विचारला की तो सात सांगतो. मला ती खोड जरा जास्तच आहे आणि तिच्यापायी आमच्या घराची पुढची भिंत गेली. नवरा म्हणतो, भिंत धाकट्यामुळं गेली. सासूबाई म्हणतात, मोठेपणाच्या हौसेपायी गेली. मी म्हणते, कशानं का जाईना, गेली ते बरं झालं.

आमचा पाडा मोखाड्याच्या पुढं, मुख्य रस्ता सोडून आत उतरलं की लागतो. मी माहेरची जव्हारची. अजूनही रोज जीपनं जव्हारला जाते, एका शाळेत इंग्रजी शिकवते आणि संध्याकाळी धुळीनं पिवळी होऊन परत येते. पाड्यावर मला मास्तरीणबाई म्हणतात. घरात काय म्हणतात ते कळायला आधी बोहाडा सांगायला हवा.

उन्हाळ्यात, शेतं मोकळी असताना आणि कामाला ठाण्या-मुंबईकडे गेलेली माणसं परत आलेली असताना आमच्याकडे बोहाडा होतो. कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे घालून देव आणि राक्षस नाचतात. त्यांना सोंगं म्हणतात. एकेका घराकडे एकेक सोंगाचा मान असतो. कुणाकडे गणपती, कुणाकडे रावण. आमच्या घराकडे त्राटिका आहे. "एक भिंतीवर आहे, एक चुलीपाशी आहे," असं माझा नवरा पाहुण्यांना सांगतो आणि माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसतो. हसू दे. माझा आवाज मोठा आहे हे मला माहीत आहे. चाळीस पोरांच्या वर्गात कुजबुजून इंग्रजी येत नाही.

तर या सोंगाचे दोन नियम. सोंग निघायचं ते घराच्या उंबऱ्यावरून, मागच्या दारानं नाही, अंगणातून नाही. आणि लागोपाठ दोन वर्षं सोंग निघालं नाही तर मान दुसऱ्या घराला जातो. गेल्या वर्षी ऐन बोहाड्यात चुलतसासरे वारले, घराला सुतक लागलं आणि त्राटिका खुंटीलाच राहिली. तेव्हापासून विहिरीजवळच्या घरातली म्हातारी येता-जाता आमच्या खुंटीकडे अशी बघायची, की जणू तिचंच वाळत घातलेलं लुगडं आहे. म्हणजे यंदा त्राटिका निघायलाच हवी होती.

ती नाचवायचे माझे सासरे. त्यांना आम्ही मामा म्हणतो. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते नाचवतायत. अंगानं लहानखुरे, माझ्याएवढेच उंच. दोन्ही मुलगे सासूबाईंवर गेलेत, ताडमाड. मामा तोंडानं फार बोलायचे नाहीत, पण त्राटिका चढवली की पाड्यातली पोरं किंचाळत पळायची. यंदाची होळी झाल्यावर त्यांनी सांगून टाकलं, "यंदा एकदा नाचतो. मग कोणालापण द्या." त्यांना हा शेवटचा नाच हवा होता. दुसरं काही त्यांनी आयुष्यात मागितलेलं मला तरी आठवत नाही.

मग ठाण्याहून धाकटा आला. धाकटा म्हणजे माझा दीर. तिकडे तो उत्सवांच्या मंडपांचं काम करतो, राक्षसांची मुंडकी वगैरे बनवतो. आला तोच छाती फुगवून. अंगणात चहाला बसलो होतो, तर म्हणाला, "वहिनी, आपली त्राटिका एकदम छोटी आहे. दाभोशाच्या बाजूची माणसं बोहाडा बघायला आली ना, सगळ्यांचे फोन त्या रावणाकडं फिरतात. आपल्याला कोण बघतपण नाय. मोठी करायला पायजे. इंग्रजीत काय म्हणतात मोठं करायला?"

झालं. बाईंना विचारलं!

"एन्लार्ज," मी म्हटलं. इथं थांबले असते तर भिंत वाचली असती. "पण नुसतं एन्लार्ज नाही. कशाला मोठं करायचं त्यावर आहे. वस्तू आहे तशीच सगळीकडून मोठी केली की एन्लार्ज. आतून बाहेर पसरली तर एक्स्पांड. लांबीला वाढवली तर एक्स्टेंड. हवा भरून फुगवली तर इन्फ्लेट. आवाज वाढवला तर ॲम्प्लिफाय."

"राईचा पर्वत केला तं?" नवऱ्यानं विचारलं.

"एक्झॅजरेट. ते तुम्हाला शिकवायची गरज नाही."

"आमच्यात या सगळ्याला फुगणं म्हणतात," सासूबाई म्हणाल्या. "आन् बेडकी फुगली म्हणून बैल नाय होत."

मला वाटलं, आता मामा धाकट्याला झाडणार. मुखवट्याच्या जिभेचं तांबडं फडकं बदललं म्हणूनसुद्धा त्यांनी एकदा दोन दिवस अबोला धरला होता. पण त्यांनी नुसता चहा संपवला आणि कप ओट्यावर ठेवायला गेले, तर ठेवला ओट्याच्या कडेबाहेर. कप खाली पडून फुटला.

"ओटा लहान झालाय," मामा म्हणाले. मग माझ्याकडे तोंड करून, "अजून एक शब्द असंल ना?"

"आहे ना. मॅग्निफाय. म्हणजे वस्तू आहे तेवढीच राहते, फक्त डोळ्याला मोठी दिसते. भिंगातून बघितल्यासारखी."

"मग तेच करा. म्याग्निफाय."

"अहो मामा, त्यात मोठं काहीच होत नाही. नुसतं दिसतं."

"दिसलं म्हंजे झालं की!"

सगळे हसले. मीसुद्धा हसले. धाकट्यानं विचारलं, "बा, डोळे किती मोठे करू?" तर मामा म्हणाले, "डोळे मोठे कर. सगळ्यात मोठे डोळेच कर." म्हाताऱ्याला एवढी हौस कुठून आली, असं मला वाटलं. पण मान्य केलं ना, मग पुरे! आमच्या घरात एखादी गोष्ट भांडणाशिवाय मान्य होणं म्हणजे दिवाळीच.

नवा मुखवटा पूजेआधी बाहेरच्यानं बघायचा नसतो. म्हणून धाकट्यानं काम घरात, मधल्या खोलीत मांडलं आणि खिडकीला घोंगडी ठोकली. त्राटिका बदलली असं कुणी म्हणू नये म्हणून जुना मुखवटा भिजवून त्याचाच लगदा नव्यात मिसळला. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर चिंचोक्याच्या खळीत बुडवलेले कागद. माझ्या शाळेतले तपासून झालेले पेपरही गेले त्यात. त्राटिकेच्या डाव्या गालात सहावीची सगळी व्याकरणाची परीक्षा आहे. त्राटिका दिवसागणिक वाढत होती. आम्ही आधी तिच्या बाजूनं जायचो, मग तिला वळसा घालून जायचो, मग तिच्या हनुवटीखालून वाकून चुलीकडे जायचो. सासूबाई तिच्या दातांवर ओली फडकी वाळत घालायला लागल्या. डोळे भाकरीएवढे. ते कापून झाले तेव्हा मामांनी दोन्ही भोकांत हात घालून बघितला आणि म्हणाले, "झ्याक!" मला तेव्हाही काही कळलं नाही.

आमच्या सोंगाची पाळी शेवटच्या दिवशी, उजाडताना. आदल्या दुपारी भगत आले. पाड्यातलं सगळं देवकार्य तेच करतात. त्यांनी नारळ फोडला, डोळ्यांच्या कडांना काळं लावलं आणि म्हणाले, "डोळे उघडले. आता ती जिती आहे. आता तिला धार लावायची नाय." म्हणजे सुरी, कोयता, करवत, काही नाही.

मग नवऱ्यानं आणि धाकट्यानं तिला उचललं आणि दाराकडे नेलं.

आमचं घर जुन्या पद्धतीचं. कुडाच्या भिंती, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून वरून शेणामातीनं सारवलेल्या. दार इतकं बुटकं की पाहुणा पहिला नमस्कार चौकटीलाच करतो. त्राटिका त्या दारापाशी आली आणि थांबली. उभी केली, आडवी केली, तिरकी केली. कानाकडून घातली, हनुवटीकडून घातली. हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणतात. इथं शेपूटही आत आणि हत्तीही आत.

"अरे गाढवा," मी धाकट्याला म्हटलं, "दार मोजलं नाहीस?"

तो खरोखर गोंधळला होता. "वहिनी, मंडपाला दार नसतं ना!"

घ्या! इतकी वर्षं राक्षस बनवले, पण सगळे उघड्यावर. राक्षसाला घरातून बाहेर काढायचा प्रसंग त्याच्यावर कधी आलाच नव्हता.

मामा खाली बसले. त्यांचा चेहरा मला बघवेना. "नाय निघत?" एवढंच विचारलं त्यांनी. विहिरीजवळची म्हातारी तोवर अंगणात हजर. खबर तिला कुणी दिली देव जाणे. "राहू द्या गं, जबरदस्ती कशाला," म्हणाली. मला असा राग आला, की मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग अक्कल चालवायला सुरुवात झाली. धार लावायची नाही म्हणजे कान छाटता येईनात. नवरा म्हणाला, त्राटिकेला मारायचा हक्क रामाला आहे, तर राम ज्यांच्याकडे आहे त्यांना बोलवा, ते कापतील. खरंच माणूस पाठवला. निरोप आला की राम चौकात बाण मारतो, घरी येऊन सुतारकाम करत नाही. कौलं उतरून वरून काढावी, तर उंबरा चुकतो. भिंत पाडून काढावी, तरी उंबरा चुकतो. अंगणातल्या बाजेवर बसून भगत उंटावरून शेळ्या हाकत होते. शेवटी मीच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"उंबरा म्हणजे नेमकं काय? चौकट का लाकूड?"

भगतांनी तंबाखू मळली, दाढेत धरली, विचार केला. "लाकूड."

"मग लाकूड लांब केलं तर?"

"जेवढा उंबरा, तेवढं दार," भगत म्हणाले.

"एक्स्टेंड!" धाकटा ओरडला. मी त्याला शिकवलेला एवढा एकच शब्द त्यानं आयुष्यात बरोबर वापरला.

चौकट काढली. उंबरा जागेवर ठेवला आणि त्याच्या दोन्ही टोकांना लाकडं जोडत गेलो. एकीकडे सासूबाईंचं मुसळ, मग नांगराचा मोडका दांडा, इसाड. दुसरीकडे शिडीचा तुकडा, तोही पुरेना म्हणून माझं कपडे धुवायचं धोपाटणं. सगळ्याला हळद-कुंकू लावलं. उंबऱ्यामागोमाग कुडाची भिंत उतरवत गेलो, काठीमागून काठी. आता भिंत गेली म्हटल्यावर छपराचं आढं कुरकुरायला लागलं. घर फिरलं की वासे फिरतात ते मी ऐकलं होतं, आमचे समोर फिरताना बघितले. नवऱ्यानं मधल्या मेढीच्या खांबाला खांदा लावला आणि तो तसाच राहिला, कारण त्यानं खांदा काढला की कौलं हलायची. "कुणीतरी टेकू आणा!" तो म्हणत होता. सगळे "आणतो, आणतो" म्हणत होते. मी त्याला उभ्याउभ्या भात भरवला. बरोबर झालं, फार हसायचा.

फटफटायला लागलं तेव्हा घराला पुढची बाजूच नव्हती आणि उंबरा एवढा लांब झाला होता की त्यावरून लग्नाचं वऱ्हाड एका ओळीत गेलं असतं. चौकाकडून संबळ वाजायला लागला. मामांनी अंघोळ केली, पोलकं-लुगडं नेसले, पायात घुंगरू बांधले. धाकट्यानं मागचा सांगाडा खांद्यावर पेलला आणि मामा पुढून मुखवट्यात शिरले.

"दिसतंय का बा?"

मामा आत इकडे-तिकडे सरकले. मग, "नाय."

मी वाकून बघितलं. मामांचं डोकं त्राटिकेच्या नाकाच्या मागं होतं. एक डोळा इकडे हातभर, दुसरा तिकडे हातभर. धाकट्यानं सगळं मोठं केलं होतं. डोळे मोठे, डोळ्यांमधलं अंतर मोठं. आतलं माणूस तेवढं तेवढंच राहिलं होतं.

"अरे, आत माणूस शिरतो तुझ्या राक्षसात?" मी किंचाळले.

"ठाण्यात आत कोणी नसतं, वहिनी!" सांगाड्याखालून रडका आवाज आला.

"एका डोळ्याला मी, दुसऱ्याला अजून कोणीतरी," मामा आतून म्हणाले. "चला लवकर. संबळ थांबंल."

पण कोण? धाकटा सांगाड्याखाली. नवरा मेढीला. मान घराचा म्हणून बाहेरचं माणूस चालेना, आणि घरातलं दुसरं कुणीही आलं तरी उंच; उंच माणसाचा डोळा त्राटिकेच्या कपाळाला लागणार. मामांच्या उंचीचं घरात एकच माणूस होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग सगळे भगतांकडे बघायला लागले, कारण आमच्यात बाई सोंग घेत नाही.

"बाई?" विहिरीजवळची म्हातारी म्हणाली. "कुठं ऐकलंय का!"

भगतांनी तिच्याकडे बघितलं, आमच्या गेलेल्या भिंतीकडे बघितलं, मेढीला धरून उभ्या माझ्या नवऱ्याकडे बघितलं. रात्रभर जागून तेही कावले होते. "सोंग चढलं की आत माणूस नसतं," ते म्हणाले. "त्राटिका असते. आन् ती बाईच आहे. घाल गं डोकं."

नवरा मेढीपाशी खदखदून हसला आणि छपरावरचं एक कौल खाली आलं.

मी पदर खोचला आणि आत शिरले. खळीचा वास, रंगाचा वास, आणि अंधार. उजव्या डोळ्याला मी, डाव्या डोळ्याला मामा. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांच्या इतकी जवळ मी कधी उभी राहिले नव्हते. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "मामा, मला नाच येत नाही. तुम्ही पुढे बघा, मी तुमच्यामागं पाय टाकते."

"मला काय दिसत नाय," मामा म्हणाले.

"डोळा समोरच आहे तुमच्या. जरा डावीकडे व्हा."

"भोकात आहे मी. उजेड दिसतो. माणूस नाय दिसत. झाले पुष्कळ दिवस. धुकं पडल्यागत."

मला एकदम तो कप आठवला. ओटा लहान झालाय म्हणाले होते ते. आणि मी हसले होते. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी भयंकर राग आला. "अहो, मग सांगायचं नाही का! मोतीबिंदू असेल, काढता येतो. मी जव्हारला नेलं असतं."

"सांगितलं असतं तं सोंग दिलं असतंत का मला?"

नसतंच दिलं. पहिली मीच आरडाओरडा केला असता.

"तू सांगितलंस ना, आहे तेवढंच राहतं आन् मोठं दिसतं," मामा म्हणाले. "मला वाटलं, डोळे मोठे केले तं मला दिसंल."

बाहेर धाकटा ओरडला, "वहिनी, उचलू का?"

"उचल," मी म्हटलं.

"तू बघ," मामा म्हणाले. "मी नाचतो."

उंबरा ओलांडला. मुसळावर माझा पाय पडला आणि धोपाटण्यावर मामांचा. बाहेर केवढी आरोळी उठली! पोरं पळाली, कुत्री पळाली, सगळे फोन वर झाले. मी आतून ओरडत होते, "डावीकडे शेण आहे, मामा. आता चढ. आता दगड. उजवीकडे विहिरीवाली म्हातारी आहे." तेवढ्याला मामा उजवीकडे अशी काही उसळी मारून गेले, की म्हातारी मागं ठेवलेल्या शेणाच्या पाटीवर बसली. "लागली?" त्यांनी विचारलं. "नाही." "हां," म्हणाले, आणि मला वाटलं ते हसले. त्यांचे पाय बघण्यासारखे होते. गुडघे कुरकुरत होते, पण संबळाचा एक ठोका चुकत नव्हता. मी नुसती त्यांच्या बाजूनं फरफटत होते आणि मागं धाकटा "हळू, बा, हळू" म्हणत होता.

चौकात राम उभा होता. "राम कुठंय?" मामांनी विचारलं.

"समोर. आंब्याखाली. धनुष्य उचललंय."

त्राटिका रामावर तीनदा धावून जाते आणि तिसऱ्यांदा बाण लागून पडते. पहिल्यांदा धावलो. दुसऱ्यांदा धावलो. तिसऱ्यांदा मला समोरचं काहीच दिसेना, सगळं ओलं झालं होतं. बाण सुटला ते मी सांगायचंच विसरले. मामा मात्र बरोबर ठोक्यावर पडले आणि त्यांच्याबरोबर मी, धाकटा, सहावीची व्याकरणाची परीक्षा, सगळेच पडलो.

वर मुखवटा, खाली आम्ही. भाकरीएवढ्या भोकातून आभाळ दिसत होतं. लोक ओरडत होते. मामा धापा टाकत माझ्या बाजूला आडवे होते. त्यांनी अंधारात चाचपडत माझं मनगट धरलं.

"मोठी दिसली का गं?"

"मोठी दिसली, मामा," मी म्हटलं.